नरसिंह राव ‘फक्त सही करणारे’ होते म्हणे!

जुलै आला की १९९१ च्या बजेटचा विषय निघतो आणि त्याच्यासोबत तो मेसेजही परत फिरायला लागतो. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की तेव्हाचे पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव म्हणजे लॉटरी लागलेला रिटायर्ड माणूस, जनाधार शून्य, तोंडातून शब्द निघायचा नाही, आर्थिक सुधारणा सगळ्या अर्थमंत्री मनमोहनसिंगांच्या आणि यांनी फक्त सही ठोकली, बाबरी पडत होती तेव्हा हे पूजेला बसलेले, सरकार टिकलं ते खासदार विकत घेऊन, आणि शेवटी स्वतःच्या पक्षानेही दार उघडलं नाही, यातच सगळं आलं. आता यातलं सगळंच खोटं नाही, म्हणून तर तो मेसेज पटतो. पण खऱ्यात खोटं असं कालवलंय की एकेक निवडून काढल्याशिवाय राहवेना.

लॉटरीचं आधी बघू. १९९१ ची लोकसभा त्यांनी लढवलीच नव्हती, सामान बांधून हैदराबादला जायची तयारी चालू होती, आणि २१ मे ला श्रीपेरुंबुदुरला राजीव गांधींची हत्या झाली नसती तर ते पंतप्रधान झाले नसते हे कुणीही मान्य करेल. पण म्हणून हा माणूस रस्त्यावरून उचलून आणलेला होता का? आंध्रचे मुख्यमंत्री झालेले, नंतर दिल्लीत परराष्ट्र, गृह, संरक्षण, मनुष्यबळ विकास अशी खाती सांभाळलेली. नवोदय विद्यालयं त्यांच्याच खात्याच्या काळात उभी राहिली, आणि पहिल्या दोनातलं एक आपल्या अमरावतीचं आहे, हे तर आपल्याकडच्या लोकांनी तरी विसरू नये.

जनाधार शून्य म्हणाल तर आंध्रातल्या मंथनीतून १९५७ पासून चार वेळा आमदार, हे शून्य कसं होतं ते मला कळलं नाही. हां, १९८४ मध्ये हनमकोंड्याला ते पडले, तेही देशभरात भाजपच्या फक्त दोन जागा आल्या त्यातली एक ही! पण त्याच वेळी रामटेकने त्यांना निवडून दिलं, १९८९ ला परत दिलं. मराठी त्यांना उत्तम यायची, हरिभाऊ आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेलेला माणूस तो. सभेला गर्दी खेचणारा नेता नव्हता, हे मात्र मान्य. पंतप्रधान झाल्यावर नंद्यालला पाच लाखांहून जास्त मतांनी जिंकले ते मी धरतच नाही, कारण तेलुगू माणूस पंतप्रधान होतोय म्हणून तेलुगू देसमच्या एन. टी. रामारावांनी समोर उमेदवारच दिला नव्हता.

आता मुख्य मुद्दा, सहीवाला.

२४ जुलै १९९१. मनमोहनसिंगांचं बजेट संध्याकाळी, त्या काळात बजेट पाचलाच वाचायचे, ते भाषण सगळ्यांना माहितीये. पण त्याच दिवशी दुपारी लोकसभेत उद्योग राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी एक कागद पटलावर ठेवला, गाजावाजा नाही, काही नाही. ते नवीन औद्योगिक धोरण होतं. १८ उद्योग सोडून बाकी सगळ्यांना सरकारी लायसन्स घ्यायची सक्ती रद्द, परदेशी गुंतवणुकीला ३४ उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत वाट मोकळी, सरकारी कंपन्यांसाठी राखीव क्षेत्रं १७ वरून ८. लायसन्स राज म्हणतो ते मोडलं या कागदाने, आणि हे खातं अर्थमंत्र्यांकडे नव्हतं तर स्वतः रावांकडे होतं!

तो कागद पास कसा झाला ते तर अजून बघण्यासारखं आहे. कॅबिनेटमधले जुने समाजवादी वळणाचे लोक बिथरले, नेहरूंचं सगळं मोडीत काढताय म्हणून. मग काय केलं, आतला मजकूर जवळपास तसाच ठेवला आणि वर नेहरू-इंदिरांच्या वारशाची प्रस्तावना चिकटवली. झाला पास. हे ‘फक्त सही’ करणाऱ्याचं काम वाटतं का? क्रांतीला परंपरेचा सदरा घालून पुढे ढकलायचं आणि स्वतः गप्प बसायचं, ही त्यांची पद्धत होती. बहुमत नसलेल्या सरकारात तोंड उघडून भाषणं ठोकली असती तर आठवड्यात गाडी पंक्चर झाली असती.

मनमोहनसिंगांचं श्रेय यातून कमी होत नाही, उलट त्यांना आणलं कुणी? तेव्हा ते यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, अध्यक्ष होते. आधी अर्थतज्ज्ञ आय. जी. पटेलांना विचारलं होतं, त्यांनी नाही म्हटल्यावर यांना. आणि राव काही न डगमगणारे हिरो वगैरे नव्हते, १ जुलैला रुपयाचं अवमूल्यन केलं तेव्हा गदारोळ झाला, तर दुसरा टप्पा थांबवा असं त्यांना वाटायला लागलं. पण ३ तारखेला निरोप पोचेपर्यंत रिझर्व्ह बँकेने करून टाकलं होतं. म्हणजे श्रेय वाटायचं तर असं वाटा.

बाबरी. इथे मी त्यांची वकिली करणार नाही. पूजेची गोष्ट ऐकीव आहे, स्वतः बघितलं असं सांगून कुणी लिहिलेली नाही, त्यामुळे ती सोडा. पण त्याची गरजच काय? केंद्रीय दलं जवळच तैनात होती, राष्ट्रपती राजवट आधी लावली नाही, उत्तर प्रदेशातल्या कल्याणसिंग सरकारने सुप्रीम कोर्टात दिलेल्या शब्दावर विसंबून राहिले, आणि ६ डिसेंबर १९९२ ला जे झालं ते झालं. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मुंबईच्या दंगलींत काय झालं ते त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे, ९०० बळी. जुलै ९१ ला जी गप्प बसायची सवय कामी आली तीच इथे नडली. १९८४ च्या शीख हत्याकांडावेळी गृहमंत्री तेच होते, मेसेजवाला हे मात्र विसरला.

खासदार खरेदी: जुलै १९९३ चा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ ने पडला, झामुमोच्या (झारखंड मुक्ती मोर्चा) खासदारांना पैसे दिल्याची केस झाली, २००० मध्ये खालच्या कोर्टाने रावांना दोषी धरलं, २००२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने निर्दोष सोडलं. डाग आहेच. पण मेसेज दोषी ठरल्यापर्यंत येऊन थांबतो, पुढचं पान उलटतच नाही.

आणि दाराचं म्हणाल तर डिसेंबर २००४ मध्ये पार्थिव अकबर रोडच्या काँग्रेस मुख्यालयात नेलं नाही, फाटकाबाहेरच थांबून पुढे गेलं, अंत्यसंस्कार हैदराबादला झाले. भारतरत्न मिळालं २०२४ मध्ये, तेही काँग्रेसच्या विरोधातल्या भाजपच्या सरकारकडून. दोन्ही वेळा राजकारणच होतं. फाटकाबाहेर थांबलेल्या गाडीवरून १९९१ च्या औद्योगिक धोरणाचा हिशेब कसा लावतात, ते आता मेसेज लिहिणाऱ्यानेच सांगावं.