वीस टक्के अडत

न्यू जर्सीत राहून शंभर वर्षांपूर्वीची बेसबॉल कार्डं जमवणारा मराठी माणूस बहुतेक मी एकटाच असेन, आणि दुसरा कोणी असला तरी कळायला मार्ग नाही, कारण हा विषय मी आता चारचौघांत काढत नाही. मंडळाच्या गणपतीत एकदा काढला होता. समोरच्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, "म्हणजे क्रिकेटची नाहीत?" असं विचारलं आणि मोदक आणतो म्हणून जो गेला तो थेट आरतीलाच दिसला.

लोकांना वाटतं या छंदाला पैसा लागतो. लागतोच. पण पैशाच्या आधी जागरण लागतं, आणि ते कोजागरीच्या वेळचं मसाला दूधवालं नाही, बेसमेंटमध्ये एकट्याने लॅपटॉपसमोर बसून दर दोन मिनिटांनी रिफ्रेश मारण्याचं जागरण.

जुनं कार्ड म्हटलं की सगळे होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूवर येतात. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटात बेसबॉलपटूंची चित्रं घातली, दीड बाय अडीच इंचांच्या आसपासचा पुठ्ठा, त्या सगळ्या संचाला म्हणतात टी२०६. वॅग्नरने आपलं चित्र छापायला हरकत घेतली, कोणी म्हणतं पोरं तंबाखूला लागतील म्हणून, कोणी म्हणतं पैसे मिळाले नाहीत म्हणून (मला दुसरं जास्त पटतं पण माणूस मोठा आहे, बोलायचं नाही). त्यामुळे त्याची पन्नास-साठच कार्डं उरली आणि त्यातलं एक २०२२ मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरला गेलं. ते आपलं काम नाही. आपला जीव अडकलाय जर्मनी शेफरमध्ये.

शेफर म्हणजे कमाल माणूस. नाव हर्मन, टोपणनाव जर्मनी. बेसबॉलमध्ये पहिल्या बेसवरून दुसरा बेस चोरायचा असतो, म्हणजे बोलर, सॉरी, पिचर बॉल टाकतोय तेवढ्यात पळत सुटायचं. १९११ मध्ये वॉशिंग्टनकडून खेळताना याने दुसरा बेस चोरला, हेतू असा की कॅचर, म्हणजे त्यांचा विकेटकीपर, त्याला आऊट करायला बॉल तिकडे फेकेल आणि तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचा आपला गडी घरी, म्हणजे होम प्लेटवर, पळून रन काढेल. कॅचर शहाणा निघाला, त्याने बॉल फेकलाच नाही. मग शेफरने काय करावं? पठ्ठ्या उलटा पळत परत पहिल्या बेसवर गेला, की आता पुन्हा दुसरा चोरतो, बघू किती वेळ गप्प बसतोस! पुढे बेसबॉलवाल्यांनी नियमच करून टाकला की खेळाची टिंगल करायला उलटं पळालात तर आऊट. एका माणसाच्या आचरटपणामुळे नियम बदलावा लागला, अशा माणसाचं चित्र घरात नको का?

शेफर महाग नाही. म्हणजे कोपरे झिजलेला, मधून घडी पडलेला, पाठीवर कोणीतरी पेन्सिलने बेरीज केलेला शेफर महाग नाही. पण लिलावात तो एकटा येत नाही, तो येतो आठ अनोळखी लोकांबरोबर, "नऊ कार्डांचा लॉट", मिनिमम बिड दोनशे डॉलर. शेफर हवा तर आठ पाहुणे सांभाळा.

आता नियम ऐका. रात्री दहाच्या आत ज्या लॉटवर तुम्ही बोली लावलीय त्याच लॉटवर दहानंतर लढता येतं. दहानंतर सुरू होतो ओव्हरटाइम. तीस मिनिटं कोणीच बोली लावली नाही तर लिलाव संपला. कुठे कुठे हे घड्याळ प्रत्येक लॉटचं वेगळं असतं, पण मी जिथे जातो तिथे सगळ्या लिलावाचं घड्याळ एकच. म्हणजे तुमच्या शेफरवर सगळं शांत आहे, तुम्ही पुढे आहात, एकोणतीस मिनिटं झाली, दात घासून झाले, आणि तेवढ्यात कॅलिफोर्नियातल्या एखाद्या इसमाला, ज्याच्याकडे अजून रात्रीचं जेवणसुद्धा पचलेलं नाही, त्याला आठवतं की आपल्याला जो डिमॅजिओ नावाच्या जुन्या बेसबॉलपटूच्या रेस्टॉरंटचा ॲशट्रे हवा होता. तो पंधरा डॉलर वाढवतो. घड्याळ पुन्हा तीसवर. सगळ्यांचं.

रात्रीचे दोन म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेअकरा. आईचा कुकर झालेला असतो आणि हातात फोन असतो. व्हॉट्सॲपवर मी ऑनलाइन दिसलो की लगेच व्हिडिओ कॉल.

"जागा का रे अजून? बरं नाही का?"

"बरंय गं, जरा काम आहे."

"ऑफिसचं?"

आईशी खोटं बोलायचं तर चेहरा कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवावा लागतो, ते जमलं नाही. कार्ड दाखवलं स्क्रीनवर. तिने चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला. "चुरगळलंय की हे. केवढ्याला?" चारशे वीसवर गेलंय म्हटलं. आई डॉलरचे रुपये करायला बँकेपेक्षा कमी वेळ घेते. "पस्तीस हजार! अरे तुझी ती डब्ल्यूडब्ल्यूएफची कार्डं माळ्यावर ट्रंकेत जशीच्या तशी आहेत, रबर लावून ठेवलीयत मी, ती विक ना त्या लोकांना."

आता आईला कसं सांगू की तिथेच तर सगळी मेख आहे. ही अमेरिकन कार्डं महाग झाली ती अमेरिकन आयांमुळे. पोरगं कॉलेजला किंवा सैन्यात गेलं की आईने खोली आवरायची आणि बुटांच्या खोक्यातली कार्डं कचऱ्यात, हे इथे इतक्या घरांत झालंय की साठीच्या पुढचा कोणताही गोरा माणूस पकडा, दुसऱ्या मिनिटाला तो आईने काय काय फेकलं ते सांगतो, डोळ्यात पाणी येतं त्याच्या. आणि आई तर आई, कंपन्यांनीही फेकली. टॉप्स या कार्डवाल्या कंपनीचा साय बर्गर, १९५२ ची कार्डं त्यानेच डिझाइन केलेली, गोडाऊनमध्ये न खपलेला माल पडून होता, स्वस्तातसुद्धा कोणी घेईना, म्हणून १९६० मध्ये तो बोटीवर लादून आमच्याच न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात बुडवला. त्या सिरीजमधलं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं एक कार्ड २०२२ मध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरला गेलं. मी अजूनही किनाऱ्यावर फिरायला गेलो की पाण्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे आई दिवाळीच्या काजूकतलीचं खोकं फेकत नाही, दुधाची पिशवी धुऊन वाळत घालते. त्या ट्रंकेतल्या कार्डांना शंभर वर्षांनीही कोणी विचारणार नाही, कारण तशीच ट्रंक प्रत्येक माळ्यावर आहे. ब्रुकलिनमधल्या पोरांना आपल्या आया मिळाल्या असत्या तर मँटल आज रद्दीत गेला असता, वजनावर.

असो. चारशे वीसवर मी पुढे होतो. पण हा आकडाही खरा नसतो. त्यावर वीस टक्के बायर्स प्रीमियम, म्हणजे ऑक्शन हाऊसची दलाली, चौऱ्याऐंशी डॉलर. त्या सगळ्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स, दलालीवरसुद्धा टॅक्स हं. झाले पाचशे सदतीस डॉलर एकोणचाळीस सेंट, पोस्टेज आणि विमा वेगळा. हा हिशोब मी एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या कोपऱ्यात चिकटवलाय, आणि दोन वाजता ती चिठ्ठी नेमकी मनगटाखाली येते.

मग समोरचा चारशे साठ करतो. मी विचार करतो, कोण आहे हा? डॉक्टर असेल. डेंटिस्ट असेल. की कोणीच नाही? ही शंका उगाच नाही हं. मॅस्ट्रो ऑक्शन्स म्हणून या धंद्यातलं मोठं नाव होतं, त्याचा मालक बिल मॅस्ट्रो, त्यांच्या लिलावात खोट्या बोल्या लावून भाव चढवायचे, २०१५ मध्ये त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली. त्यानेच कोर्टात कबूल केलं की सगळ्यात प्रसिद्ध वॅग्नर कार्ड, जे एकेकाळी हॉकीवाल्या वेन ग्रेट्झकीकडे होतं, त्याच्या कडा त्याने स्वतः कापल्या होत्या. कापून सरळ केल्या! आणि सह्यांचं तर बोलूच नका. नव्वदच्या दशकात एफबीआयने ऑपरेशन बुलपेन नावाची मोहीम काढून बनावट सह्यांचे कारखाने पकडले, त्यात बेसबॉलवर चक्क मदर तेरेसांची सही सापडली. कोलकात्यात त्या माऊलीला कोण बॉल पुढे करत होतं, हा प्रश्न एकाही गिऱ्हाइकाला पडला नाही.

म्हणून हल्ली कार्ड ग्रेडिंगला पाठवतात, तिथे एक ते दहा मार्क देऊन प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये कायमचं बंद करतात. माझी सगळी कार्डं एक नाहीतर दीड. दहावीत पस्तीस टक्क्यांवर सुटलेल्या मुलाचा बाप जसा पेढे वाटतो तसा मी ते स्लॅब शेल्फवर मांडून ठेवलेत. आठ-नऊ मार्कांची कार्डं बघून मला काहीच होत नाही खरं सांगायचं तर. शंभर वर्षांत ज्याला एकाही पोराने खिशात घातलं नाही ते कसलं कार्ड?

त्या रात्री शेफर पाचशे दहाला गेला. मी नेहमीप्रमाणे दुसरा. या छंदात माझं काम एकच, जिंकणाऱ्याचं बिल वाढवणं, आणि ते मी मन लावून करतो.

पण रिकाम्या हाताने नाही आलो. झालं काय, दहाच्या आत बोली लावलेली असली पाहिजे या नियमामुळे सगळेच जण आठ-दहा लॉटवर मिनिमम बिड टाकून ठेवतात, जागा धरायला, कोणीतरी पुढे जाणारच असतं. एका लॉटवर कोणीच गेलं नाही. शे स्टेडियमची जोडखुर्ची. न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचं जुनं स्टेडियम, २००९ पर्यंत पाडून झालं, तेव्हा तिथल्या खुर्च्या जोडीने ८६९ डॉलरला विकल्या होत्या, आकडा तोच का तर मेट्सने वर्ल्ड सिरीज जिंकली ८६ आणि ६९ साली. भगव्याच्या जवळ जाणारा नारिंगी रंग, लोखंडी पाय, आणि हे कॅटलॉगमध्ये बारीक अक्षरात असतं, ती आपली आपण उभी राहत नाही, कारण ती काँक्रीटला बोल्ट मारून बसवायला बनवलेली आहे. फ्रेटवाला ड्राइव्हवेत टाकून सही घेऊन गेला. बायकोने दारातून बघितलं, म्हणाली, "एसटी स्टँडवर कोणाला तरी उभं करून आलास का?"

खाली जाड प्लायवूड ठोकून ती बेसमेंटमध्ये उभी केली आणि त्याच आठवड्यात सासरे आले, सहा महिन्यांसाठी. मामा लासलगावकडचे. आयुष्य कांद्यात गेलं, म्हणजे आधी पिकवण्यात आणि मग विकायला मार्केटला ट्रॅक्टर घेऊन उभं राहण्यात. त्यांनी खुर्चीत बसून बघितलं, पाय ताणले, "बैठक चांगलीय," एवढंच म्हणाले. घरात या छंदाबद्दल आलेला हा पहिला बरा शब्द.

पुढच्या लिलावात शेफर पुन्हा आला, या वेळी वॉशिंग्टनच्या वेषात, बरोबर फक्त सहा पाहुणे. मामांना झोप येईना, ते चहाचा कप घेऊन खाली आले. मी सगळं समजावून सांगितलं. मध्ये एकदाच थांबवलं त्यांनी.

"वीस टक्के अडत? आणि ती घेणाऱ्याकडून?"

"हो."

"जावईबापू, अडत शेतकऱ्याकडून कापायची का व्यापाऱ्याकडून, यावरनं २०१६ ला आमच्याकडं मार्केट बंद पडली होती. इथं वीस टक्के देऊन लोक गप गुमान जागतात?"

मी गप गुमान रिफ्रेश मारलं. दोनशे साठ. मी दोनशे नव्वद केलं. लगेच तीनशे वीस. मी तीनशे पन्नास, लगेच तीनशे ऐंशी. मामा खुर्चीतून पुढे वाकले. घड्याळ नाही, बोली येण्याची वेळ बघत होते.

"हा माणूस जागा नाहीये."

"म्हणजे?"

"तुम्ही बटण दाबलं की त्याची बोली येतीये, डोळ्याचं पातं लवत नाही. इतक्यात माणसाला वाचायलासुद्धा होत नाही. शेठ मुनीमजीला आकडा सांगून झोपलाय." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला मॅक्स बिड, प्रॉक्सी बिड (कमाल आकडा आधी सांगून ठेवायचा, तिथपर्यंत कॉम्प्युटर आपोआप बोली लावतो) वगैरे सगळं ज्ञान गिळून टाकावं लागलं. "मुनीमजीचा आकडा संपंपर्यंत वाढवा. तो संपला की तुमचंच."

"आणि आकडा हजार असला तर?"

"मग शेठ मोठाय. तेवढं तर कळंल."

चारशे वीस. चारशे साठ. मनगटाखाली चिठ्ठी होती, मी हात उचलला नाही. पाचशे दहा मी लावलं आणि पहिल्यांदाच पलीकडून काही आलं नाही. स्क्रीन हिरवी. माझं नाव नाही, माझा बिडर नंबर, पण वर! मामांनी मांडीवर थाप मारली, वरून बायको ओरडली, "दादा, अहो झोपा, दीड वाजलाय!" आणि आम्ही दोघं आवाज न करता शे स्टेडियमच्या त्या खुर्च्यांत शेजारी शेजारी बसलो, कारण आता फक्त तीस मिनिटं कोणी काही करायचं नव्हतं. ॲशट्रे नाही, कॅलिफोर्निया नाही, कोणी नाही. मामांनी मला उन्हाळ कांदा चाळीत कसा टिकतो ते सांगितलं. पंचवीस मिनिटं. मी त्यांना शेफर उलटा का पळाला ते सांगितलं, त्यांना ते फार आवडलं, "बरं केलं" म्हणाले.

अठ्ठावीस मिनिटांनी स्क्रीन लाल झाली. पाचशे साठ.

"शेठ उठला," मामा म्हणाले, आणि कप घेऊन चहा टाकायला वर गेले. "मी येईस्तोवर काही करू नका."