‘साप आपणहून बाजूला होतो’ म्हणे!

कॉर्न स्नेक हा लाल-केशरी, बिनविषारी साप पाळायच्या ‘पाच सोप्या युक्त्या’ सांगणारा एक फॉरवर्ड फिरतोय. मुलुंडच्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, “मावशी, दगड मागवतोय.” म्हणून हे लिहिणं आलं. युक्त्या अशा: मुंबईत हीटिंग लागत नाही; लागलंच तर विजेवर तापणारा दगड ठेवा, चटका बसला की साप आपणहून बाजूला होतो; माशांची जुनी टाकी चालते; रोज दोनदा पाणी फवारा; एकटा कंटाळतो म्हणून जोडी ठेवा.

आधी तो दगड. साप बाजूला होत नाही! अंग एकंदर गार असलं की त्याला ऊब हवी असते, म्हणून तो तिथेच वेटोळं घालून बसतो आणि खालून पोट भाजत राहतं. या दगडांच्या आत तापणारी तार असते. ती सगळीकडे सारखी तापत नाही, आणि स्वस्त दगडाला थर्मोस्टॅटही (ठरलेल्या तापमानाला वीज बंद करणारं यंत्र) नसतो. पोटाचे खवले तपकिरी पडलेले किंवा फोड आलेले दिसायला कधीकधी काही दिवस जातात, तोवर जखम चिघळते. माझं नका ऐकू, पशुवैद्य वापरतात ते ‘मर्क व्हेटर्नरी मॅन्युअल’ उघडा. पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांचं भाजणं तिथे सापडेल, आणि हे दगडही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सापाच्या पोटाकडे कधी पाहिलंय का, कोण जाणे.

हीटिंग लागत नाही, हे मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. एप्रिल-मेमध्ये आपल्या फ्लॅटमध्ये उलटी चिंता असते: टाकी गार कशी ठेवायची. सांताक्रूझच्या वेधशाळेत 14 एप्रिल 1952 रोजी 42.2 अंश नोंदले गेलेत. पण तिथेच 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंशही नोंदलेत. आणि थंडी राहू द्या, भाच्याच्या खोलीत रात्रभर एसी चालतो त्याचं काय? गारठलेल्या सापाला उंदीर पचत नाही, तो ओकतो.

कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. ऊन-सावलीत सरकत तो अंगाचं तापमान सांभाळतो. म्हणून टाकीचं एक टोक 29-31 अंश, दुसरं 24-26 च्या आसपास, आणि लपायची जागा दोन्हीकडे. एकच असली तर भित्रा साप ऊब सोडेल, पण आडोसा सोडणार नाही. हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) घ्यायची तर एका टोकाच्या तळाखाली, साधारण एक-तृतीयांश भागात. थर्मोस्टॅटशिवाय ती लावूच नका. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, मॅटच्या पृष्ठभागावर चिकटवा, हवेत लोंबकळत ठेवू नका. गॅलरीतल्या उन्हात काचेची टाकी ठेवणं तर शुद्ध वेडेपणा, आत काही मिनिटांत भट्टी होते.

फवारणीचा सल्ला कुठल्यातरी कोरड्या, हीटर लावलेल्या घरातून उचललेला दिसतो. जुलैत मुंबईत कपडे वाळत नाहीत, तिथे आणखी पाणी कशाला? ओल्या बिछान्यावर सापाचे खवले सडतात. कात टाकायच्या वेळी एका डब्यात ओलसर मॉस (शेवाळ) ठेवलं की पुरे.

माशांच्या टाकीला घट्ट बसणारं, कडी लागणारं झाकण असेल तर ठीक. पिल्लू पेन्सिलीएवढं असतं, बोटभर फटीतून जातं. मग सोसायटीत लाल-केशरी साप दिसला, की तो बिनविषारी आहे हे ऐकायला कोणी थांबत नाही, काठी आधी येते. जोडीचं म्हणाल तर सापाला सोबत लागत नाही. कधीकधी एकजण दुसऱ्याला खातो, झालं.

भाच्याला सांगितलंय, दगड रद्द कर. रिकामी टाकी आठवडाभर चालव, दोन्ही टोकांना डिजिटल थर्मामीटर लाव, एसी चालू असताना आणि बंद असताना आकडे लिहून मला पाठव. मग साप बघू.