लग्न केलं की दिव्यांगाचे पैसे बंद? हा मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं वाचा

एक मेसेज सध्या भावकीच्या ग्रुपपासून ते गावच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय, चोपड्याहून शहाद्याहून कुठूनही फोन आला तरी विषय तोच. मेसेज असा आहे: "दिव्यांग बंधू-भगिनींनो सावधान! लग्न केल्यास किंवा जोडीदारासोबत राहायला लागल्यास संजय गांधी निराधारचे पैसे लगेच बंद, युडीआयडी कार्ड रद्द, एसटीची सवलत बंद, वडिलांची फॅमिली पेन्शन बंद, आजारपणाचे ईएसआयचे पैसे अर्धे. उपाय: लग्नाची नोंद करू नका, नुसते सोबत राहा, ऑफिसला कळणार नाही. अमेरिकेतही हाच नियम आहे." खाली जीआरचा नंबर नाही, तारीख नाही, कुठल्या सरकारी खात्याचं नाव नाही.

असल्या फॉरवर्डला मी एरवी उत्तर देत नाही. पण हा माझ्या चुलत बहिणीच्या घरी पोचला. पोलिओने तिचा एक पाय अधू आहे, सर्टिफिकेट ६० टक्क्यांचं, धुळ्याकडचं चांगलं स्थळ, बोलणी जवळजवळ पक्की, आणि काकू आता म्हणते, "लगीन कयं का पगार बंद व्हई जाई." काकूला काय बोलणार, ती घाबरलीये. ज्याने कोणी हे लिहून सोडलं त्याला मात्र विचारावंसं वाटतं की बाबा रे, तुला कोणी सांगितलं हे?

आधी तो 'उपाय' घेतो, कारण बाकीचं नुसतं चुकीचं आहे, हे मात्र पोरीचं वाटोळं करणारं आहे. लग्नाची नोंद करू नका म्हणे. अरे, हिंदू विवाह कायद्याच्या कलम ८ मध्ये स्पष्ट आहे की नोंद नाही म्हणून लग्न रद्द होत नाही. मांडवात सप्तपदी झाली, गाव जेवून गेलं, म्हणजे लग्न झालंच, नवऱ्याचं उत्पन्न मोजायचं असेल तर ते नोंद असली काय नसली काय मोजलं जाणार, आणि कोण कोणाकडे नांदतंय हे कळायला तलाठ्याला सर्टिफिकेट लागतं का, अख्ख्या गावाला माहीत असतं. म्हणजे लपत काहीच नाही, फक्त पोरीच्या हातात कागद राहत नाही. उद्या नवऱ्याने टाकून दिलं आणि ती पोटगी मागायला कोर्टात उभी राहिली तर समोरचा वकील आधी लग्नाचा पुरावाच मागणार. नवरा अचानक गेला तर सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायला, विम्याचे, पीएफचे पैसे काढायला हिने काय दाखवायचं, लग्नातले फोटो? आणि लग्नच न करता 'नुसते सोबत राहा' असं म्हणायचं असेल तर आणखी कठीण. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा लग्नासारख्या नात्यातल्या बाईलाही संरक्षण देतो हे खरं, पण नवऱ्याच्या जमिनीत बायको म्हणून वाटा त्यातून मिळत नाही. ज्या पोरीला सासरचे आधीच 'आम्ही पदरात घेतली' म्हणून उपकार दाखवणार तिला बिनकागदाची पाठवायची, आणि का, तर निराधारच्या महिन्याच्या अडीच हजारासाठी. गावात ग्रामसेवकच नोंद करून देतो, ग्रामपंचायतीत जा आणि करून घ्या.

आता निराधारचे पैसे. इथे थोडंसं खरं आहे, मला आवडत नसलं तरी मान्य करावं लागतं. ही योजना उत्पन्न बघते. ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व पाहिजे आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दिव्यांगांसाठी ५० हजारांच्या आत पाहिजे, इतरांना तर २१ हजार. लग्नानंतर कुटुंबात नवरा आला की त्याची कमाई आली, तो पगारदार असेल तर मर्यादा ओलांडणार आणि पैसे थांबणार. पण थांबतात ते उत्पन्नामुळे. नवऱ्याची कमाई धरूनही उत्पन्न मर्यादेच्या आत राहिलं तर नुसतं लग्न झालं म्हणून दिव्यांगाचं नाव काढायचं कारण नाही. लोकांचा घोळ बहुतेक विधवांच्या नियमामुळे झालाय. विधवा म्हणून जे पैसे मिळतात ते पुनर्विवाहानंतर बंद होतात, कारण ते वैधव्याच्या आधारावर मिळतात. दिव्यांगाचा आधार त्याचं शरीर आहे, ते लग्नाने बदलतं का?

खरं भांडायचं तर त्या ५० हजारांवर भांडा ना. वर्षाला ५० हजार म्हणजे महिन्याला चार हजार दीडशेच्या आसपास. रावेर-यावलला केळीच्या गाड्या भरणाऱ्या माणसाची मजुरी रोजची ४०० धरली आणि वर्षातले फक्त १५० दिवस काम धरलं तरी ६० हजार होतात. म्हणजे कागदावर हमालाची बायकोसुद्धा 'सधन' ठरते. २०२५ मध्ये दिव्यांगांची रक्कम दीड हजारावरून अडीच हजार केली, चांगलं केलं, पण मर्यादा वाढवल्याशिवाय ते किती जणींच्या हातात पडणार? यावर मेसेज फिरवा, मी पहिला पुढे पाठवेन.

आणि ज्यांना वाटतं की सरकारला दिव्यांगांचं लग्नच नको आहे, त्यांनी जून २०१४ चा जीआर काढून वाचावा. दिव्यांग आणि अव्यंग, म्हणजे धडधाकट, व्यक्तीने लग्न केलं तर महाराष्ट्र सरकारच पैसे देतं, त्या जीआरप्रमाणे तेव्हा ५० हजार होते: २५ हजारांचं बचत प्रमाणपत्र, २० हजार रोख, साडेचार हजारांचं संसाराचं सामान, पाचशे कार्यक्रमाच्या खर्चाला. जे सरकार लग्न करा म्हणून पैसे देतं ते लग्न केलं म्हणून शिक्षा देईल का? तो उत्पन्नाचा काटा आहे हे वर सांगितलंच, पण लग्नाला बंदी कुठेच नाही.

युडीआयडी, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, रद्द होतं हे तर काहीच्या काही. ते कार्ड डॉक्टरांच्या तपासणीवर मिळतं, सिव्हिलमध्ये टक्केवारी ठरते, लग्न झाल्याने पायाचा पोलिओ बरा होत नाही. एसटीचंही तेच, ७५ टक्के सवलत दिव्यांगत्वावर आहे, उलट ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही निम्मं तिकीट.

फॅमिली पेन्शनचं आमच्याकडे महत्त्वाचं आहे, वरणगाव-भुसावळला ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेली कितीतरी घरं आहेत. केंद्र सरकारने जानेवारी २०१३ मध्येच स्पष्ट केलंय की दिव्यांग मुला-मुलीची फॅमिली पेन्शन लग्नानंतरही चालू राहते. अट आहे ती स्वतःच्या कमाईवर पोट भरता येत नाही ही. ईएसआय, म्हणजे कामगारांचा विमा, त्याचं तर विचारूच नका. जळगाव एमआयडीसीत चटईच्या, पाईपच्या कारखान्यात जो माणूस आहे त्याच्या स्वतःच्या पगारातून हप्ता कापला जातो, आजारी पडला की पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. बायको कमावते की नाही हे त्यात कुठेच येत नाही.

राहिलं अमेरिकेचं. तिथे एसएसआय म्हणून गरीब दिव्यांगांची मदत आहे आणि त्यात जोडप्याला दोघांचे मिळून एकट्याच्या दुप्पट नाही, दीडपटच मिळतात, शिल्लक ठेवायची मर्यादा एकट्याला २ हजार डॉलर तर दोघांना मिळून फक्त ३ हजार. तिथले दिव्यांग या नियमाविरुद्ध ओरडतात आणि बरोबर ओरडतात. ब्रिटनमध्ये लग्न न करता नुसते एकत्र राहिले तरी युनिव्हर्सल क्रेडिटला दोघांचा अर्ज एकत्र धरतात, पण तिथलाच पीआयपी हा दिव्यांग भत्ता जोडीदाराच्या कमाईकडे बघतसुद्धा नाही. म्हणजे तिकडेही सरसकट एक नियम नाही. आणि असला तरी तो अमळनेरच्या तहसीलमध्ये कसा लागू होणार?

तेव्हा लग्न ठरलं असेल तर ठरू द्या. नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला खरा काढा, तहसीलच्या संजय गांधी शाखेत तो स्वतःहून द्या, लपवून उचललेले पैसे उद्या वसुलीला निघाले तर कुठून भरणार? आणि लग्नाची नोंद झाल्या झाल्या ते प्रमाणपत्र, दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट, दोघांचे कागद घेऊन जिल्हा परिषदेत समाजकल्याणला प्रोत्साहनाच्या पैशांचा अर्ज टाका, लग्नाला वर्ष होण्याच्या आत.