दोन ताऱ्यांची कादंबरी

आमच्या वाचनालयाच्या खिडकीशी परवा एका सद्गृहस्थांनी, मी न विचारता, मला ‘रणांगण’चा शेवट सांगून टाकला. तो राग अजून पुरता निवलेला नाही.

विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ची. ‘वाचलीच पाहिजेत’ अशा मराठी पुस्तकांच्या बहुतेक याद्यांत ती असते आणि नेमक्या त्याच कारणाने मी ती आजवर टाळली होती; यादीतले पुस्तक हाती घेतले की पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला उभे केल्यासारखे वाटते. शेवटी ती मागितली. ग्रंथपालबाई नोंद करत होत्या, तेवढ्यात शेजारच्या गृहस्थांनी वाकून मुखपृष्ठ पाहिले, खिशातून मोबाइल काढला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

“घेऊ नका. एकाने दोनच तारे दिले आहेत.”

“बाकीच्यांनी?”

“मी आधी वाईट अभिप्राय वाचतो. चांगले काय, लेखकाचे मेहुणेही लिहितात.” मग घसा साफ करून त्यांनी वाचायला सुरुवात केली. “‘नावावरून युद्धकथा वाटली होती. अख्ख्या पुस्तकात एक गोळी सुटत नाही. सगळे बोटीवर बसून नुसते बोलतात.’”

हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू त्या बोटीवर आहेत आणि महायुद्ध अजून सुरू व्हायचे आहे, तेव्हा गोळीवाचून कादंबरीचे फारसे अडत नसावे, असे मी नम्रपणे सुचवले.

“ते तुम्ही म्हणता. इथे तसे लिहिलेले नाही.”

“आपण वाचली आहे का?”

“छे! दोन ताऱ्यांची कशाला वाचू?” त्यांनी मिक्सर, दंतवैद्य आणि महाबळेश्वरचे हॉटेल याच पद्धतीने निवडले होते, जावई निवडताना तेवढी ही सोय नव्हती, असे ते किंचित खिन्नपणे म्हणाले. मला सहानुभूती वाटू लागली होती, पण त्यांनी लगेच पुढचा अभिप्राय उघडला आणि मी “थांबा, थांबा” म्हणेपर्यंत नायिकेचे पुढे काय होते ते सबंध रांगेला कळले. इथे मी ते सांगणार नाही. कुणीतरी थांबायला हवे.

“काका, मागे लोक खोळंबले आहेत,” एवढेच बाई म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला.

घरी येऊन मी ते अभिप्राय स्वतः वाचले. एका पुस्तकाला एकच तारा, कारण कुरियरवाल्याने ते पावसात भिजवले. दुसऱ्याला पाच, कारण ‘कालच मागवले आहे, वाचायला उत्सुक’. लेखकाने दहा वर्षे खपून लिहावे आणि त्याची किंमत खोक्याच्या चिकटपट्टीवर ठरावी, हे काही हसण्यासारखे नाही. वाचकांनी पुस्तकांना तारे द्यावेत म्हणून २००७मध्ये सुरू झालेले ‘गुडरीड्स’ २०१३मध्ये ‘अ‍ॅमेझॉन’ने विकत घेतले, म्हणजे शिफारस आणि विक्री आता एकाच घरात नांदतात. तसे पाहता १९६४मध्ये निघालेले, पुस्तकांविषयीचे ‘ललित’ मासिकही ‘मॅजेस्टिक’च्या केशवराव कोठावळ्यांचेच, म्हणजे ग्रंथव्यवसायातल्याच माणसाचे होते. पण छापील परीक्षणाखाली परीक्षकाचे नाव असते. एखाद्याने दोनदा फसवले की त्याच्याशी जन्माचे वैर धरता येते आणि त्याने नावाजलेले पुस्तक निर्धास्तपणे सोडून देता येते. ‘पुस्तकवेडा’ नावाच्या अनोळखी इसमाशी वैर तरी कसे धरावे?

तरी त्या दोन तारेवाल्याशी मी ते धरले आहे. त्याचे सगळे अभिप्राय मी शोधून वाचले. मला आवडलेली बहुतेक पुस्तके त्याला ‘संथ’ वाटली आहेत. इतका भरवशाचा मार्गदर्शक मला आजवर कोणत्याही यादीत भेटला नव्हता. ‘पानोपानी नुसता पाऊस, घडत काहीच नाही’ असे म्हणून त्याने एका जुन्या कादंबरीला एकच तारा दिला, तेव्हा मी तातडीने ती शोधायला निघालो. वाचनालयात ती नाही. दुकानांत नाही. आवृत्ती केव्हाच संपली आहे. प्रकाशकांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, मागणी असती तर काढली असती; शिवाय अभिप्रायही बरे नाहीत.