हसलात, तरी कबूल करू नका

पहिल्याच भेटीत ज्यांचे सगळे बिनसते, अशा नायक-नायिकेचा विनोदी प्रेमपट आपण नुकताच पाहून आला असाल, तर त्यावर मत देणे ही आता आपली जबाबदारी आहे. ती पार पाडताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे: चित्रपटगृहात आपण पोट धरून हसलो, हे कोणालाही कळू देऊ नये. हसलेल्या माणसाच्या मताला जळगावपासून नंदुरबारपर्यंत कोठेही वजन नसते. भरतमुनींनी हास्याचा उगम शृंगारातच सांगितला आहे हे खरे. पण भरतमुनींचे नातेवाईक भुसावळला राहत नव्हते.

‘पहिला हाफ बरा आहे, सेकंड हाफमध्ये पकड सुटते’ या वाक्याने सुरुवात करावी, कारण मध्यंतरानंतर झोप लागलेल्या प्रेक्षकालाही ते निर्धास्तपणे वापरता येते. तारे अडीच द्यावेत. तीन दिले तर चित्रपट आवडला असा अर्थ निघतो, आणि दोन दिले तर का आवडला नाही हे सांगत बसावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना आपण मुळात एसीसाठी तिकीट काढले होते, हा तपशील मात्र बाहेर फुटू देऊ नये. तो वरचा अर्धा तारा त्याचाच आहे.

मग वास्तवतेकडे वळावे. पडद्यावर तो तिला पुण्यातल्या महागड्या हॉटेलात नेतो, सूप तिच्या ओढणीवर सांडते, जुनी मैत्रीण नेमकी शेजारच्या टेबलावर निघते आणि बिलाच्या वेळी कार्ड चालत नाही. ‘असे कुठे घडते का?’ असे ठणकावून विचारावे. वेटर आधी यंत्राकडे, मग नायकाकडे आणि पुन्हा यंत्राकडे पाहतो, त्या क्षणभराच्या थांबण्यावर सारा हशा उभा आहे, असे कोणी दाखवून दिलेच, तर ‘तांत्रिक बाजू ठीक’ एवढे म्हणून पुढे सरकावे.

आपल्याकडच्या पाहण्याच्या कार्यक्रमाचा उल्लेख चुकूनही करू नये. पारोळ्याच्या एखाद्या घरासमोर दोन गाड्या भरून पाहुणे उतरतात. त्यांतला मुलगा नेमका कोणता, हे पोहे संपत आले तरी मुलीला कळत नाही. मुलाचे मामा कपाशी किती एकर आहे ते विचारतात, आत्या बायोडाट्यातली उंची खरी आहे का हे पाहायला मुलीला स्वतःच्या मुलीशेजारी उभे करते. आणि ‘दोघांना काय बोलायचे ते बोलू द्या’ म्हणून त्यांना गच्चीवर पाठवले जाते, तेव्हा पाण्याच्या टाकीमागे धाकटा भाऊ आधीच जाऊन बसलेला असतो. इतके होऊनही परतताना दोन्ही गाड्यांत एकमत असते, की कार्यक्रम छान झाला, फक्त पोह्यांत शेंगदाणे जरा कमी होते. पडद्यावरची ती दोघे निदान बिल चुकते करून आपापल्या रिक्षेने घरी तरी जाऊ शकतात. इकडे चार दिवसांत ‘पसंत आहे’ असा निरोप येतो. हा विचार मनात आलाच तर मुकाट्याने गिळावा आणि चित्रपट आपल्या संस्कृतीत बसत नाही, असे लिहावे.

‘कुटुंबासह पाहण्यासारखा नाही’ हेही लिहावे, पण आपण कुटुंबासहच गेलो होतो हे लिहू नये. सिनेमाच्या कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने ‘यूए’ प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ अशा वयांच्या पायऱ्या आणल्या. तिशीतल्या मुलाच्या शेजारी त्याचे वडील बसले असतील तर कोणी कोणाकडे पाहायचे नाही, याची पायरी त्यात अजून नाही. नायिका एकटीच हॉटेलात शिरली, तेव्हा ‘हिनी मायले ठाऊक शे का नही?’ असे आत्याबाईंनी अंधारात मोठ्याने विचारले आणि सगळे चित्रपटगृह हसले. त्या हशाचे श्रेय दिग्दर्शकाला देण्याचे कारण नाही.

एवढे सगळे जमले, की पुण्यात नोकरीला असलेली आपली मुलगी फोनवर विचारील, की ज्याचा बायोडाटा आला आहे त्या मुलाला आधी एकटीनेच कॉफीला भेटले तर चालेल का. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता छायाचित्रणाविषयी बोलू लागावे.