सहा कोन आणि सव्वा कॅरेट

आमच्या घरात सोन्याला आकार नसतो, वजन असतं. पाटल्या किती तोळ्यांच्या आणि गोठ किती तोळ्यांचे हे आईला तोंडपाठ आहे. त्यांच्यावरची नक्षी कुठली असं विचारलं तर मात्र कपाट उघडून बघावं लागेल. दागिना म्हणजे अडीअडचणीला मोडायची वस्तू, आणि मोडायची वेळ येईपर्यंत ती अंगावर घालायची, एवढं साधं अर्थशास्त्र. अशा घरात राहून मी लग्न ठरवलं ते एका आर्किटेक्ट मुलीशी, आणि तिला साखरपुड्याला हवी होती अ‍ॅक्वामरीनची अंगठी. म्हणजे फिकट निळ्या खड्याची. तीही षट्कोनी. (होणाऱ्या बायकोला इथून पुढे 'हो.बा.' म्हणतो. तिच्या बहुतेक वाक्यांना माझं उत्तरही तेच असतं.)

हो.बा.ला गोल आकार आवडत नाही. पुरणपोळीबद्दल तिची तक्रार नाही, पण वस्तूला कोपरे हवेत. त्यामुळे अंगठीची फर्माईश आमच्याकडे आली ती नकाशाच्या रूपात. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन. मधोमध लांबट षट्कोन, 9 बाय 6 मिलिमीटर. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. हातात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय. त्यांनी चष्मा लावून तो नकाशा नीट पाहिला, उलटून मागची बाजूही पाहिली आणि विचारलं, "हा पास कोण करणार?"

पास आईनं करायचा होता, आत्यानं करायचा होता आणि बाबांनीही. मुलीची अंगठी मुलाकडच्यांनी करायची असते, म्हणजे पैसे माझे आणि मतं सगळ्यांची.

लक्ष्मी रोडवरच्या एका भल्यामोठ्या दुकानात आम्ही सुरुवात केली. अ‍ॅक्वामरीन म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलीनं हसून सॉलिटेअरचा ट्रे काढला. नाही म्हटल्यावर नीलमचा काढला. षट्कोन म्हटल्यावर एक फूल काढलं, त्याला सहा पाकळ्या होत्या. शेवटी आतून एक गडद निळा खडा आला. हा ब्लू टोपाझ आहे, पण सेम दिसतो, कुणाला कळणार नाही, असं तिनं फार प्रेमानं सांगितलं. हो.बा.ला कळलं. बाजारातला बहुतेक गडद निळा टोपाझ मूळचा बिनरंगी असतो, त्याला किरणोत्सर्गाचा मारा आणि मग उष्णता देऊन निळा करतात, असं ती तिथेच समजावून सांगायला लागली. 'किरणोत्सर्ग' शब्द ऐकून शेजारी मंगळसूत्र बघत असलेलं कुटुंब दोन खुर्च्या पलीकडे सरकलं. आम्ही निघालो.

मग कुणीतरी सांगितलं, पेठेत एक म्हातारे सराफ आहेत, त्यांना खड्यातलं कळतं. त्यांच्याकडे ट्रे नव्हता, पुड्या होत्या. जयपूरहून आलेल्या, घडी घातलेल्या पातळ कागदाच्या. साखरेच्या पुड्याआधी या पुड्या उघडायला लागल्या. चिमट्यानं एक खडा उचलून त्यांनी टेबलावर ठेवला आणि आम्ही सगळे वाकलो.

"हा तर पांढरा आहे," आई म्हणाली.

"निळा आहे की," आत्या.

"हिरवट," बाबा.

मला तो ट्यूबलाइटच्या रंगाचा दिसत होता, पण मी बोललो नाही.

सराफ म्हणाले, खडा दुकानाच्या दिव्यात बघायचा नसतो, उजेडात न्या. म्हणून ते, त्यांचा चिमटा, आम्ही पाच जण आणि खड्यावर नजर ठेवायला त्यांचा पोऱ्या अशी वरात फुटपाथवर आली. उत्तरेकडचा उजेड सगळ्यात चांगला, रत्नांचे व्यापारी पूर्वीपासून तोच धरतात, असं ते म्हणाले. उत्तरेकडे नेमका एक टेम्पो उभा होता. टेम्पोवाल्याला जरा पुढे घे म्हटलं, तर तो खाली उतरून खडा बघायला आला. पाठोपाठ पिशवीत दुधी घेऊन चाललेले एक काका थांबले. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, खडा चिमट्यासकट स्वतःच्या डोळ्यापाशी नेला, एकदा उभा धरला, एकदा आडवा, आणि म्हणाले, "पाणी बरं आहे. पण मुलीला हिरा का देत नाही?" उत्तराची वाट न बघता दुधी घेऊन ते गेलेसुद्धा. आईनं माझ्याकडे पाहिलं. पुण्यात फुटपाथवर आपल्या बाजूनं बोलणारा माणूस भेटणं ही काही लहान गोष्ट नाही.

गंमत म्हणजे रंगाबाबत सगळेच बरोबर होते. अ‍ॅक्वामरीनचा स्फटिक एका दिशेनं बघितला तर निळा दिसतो आणि दुसऱ्या दिशेनं जवळजवळ बिनरंगी. शिवाय खाणीतून निघतो तेव्हा त्यात बहुधा हिरवट-पिवळट झाक असते. साधारण 400 ते 450 अंशांपर्यंत तापवला की ती झाक जाते आणि निळा उरतो, तो कायमचा. आमच्या घरच्या कुठल्याही वादात सगळे बरोबर असण्याचा हा पहिलाच प्रसंग होता, आणि त्याचा कुणाला आनंद झालेला दिसला नाही.

"म्हणजे भट्टीत घालतात? मग खरा कसला?" बाबांनी विचारलं.

"सोनं कुठून येतं साहेब?" सराफ म्हणाले. बाबा गप्प झाले. नकाशावर त्यांनी पेन्सिलीनं काहीतरी टीप लिहिली.

खरी अडचण पुढे होती. हा खडा बेरिल जातीतला, आणि बेरिलचा स्फटिक निसर्गतःच सहा बाजूंच्या खांबाच्या आकाराचा वाढतो. त्याचा आडवा काप काढला की षट्कोन आयताच मिळतो. पण त्या बाजूनं बघितलं की रंग उडालेला! निळा हवा असेल तर उभ्या बाजूनं कापायचा, आणि तिथून षट्कोन हवा तर निसर्गानं फुकट दिलेले सहा कोन घासून टाकायचे आणि दुसरे सहा मजुरी देऊन पाडून घ्यायचे. हे ऐकल्यावर आईला पहिल्यांदाच त्या खड्याबद्दल आपुलकी वाटली असावी. "आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट असंच चाललंय," ती म्हणाली.

मी मध्येच प्लिनी काढला. हा रोमन गृहस्थ इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून गेला आहे की बेरिल मुख्यतः भारतातून येतात आणि कारागीर ते षट्कोनी घडवतात, कारण कोनांवरून उजेड परतला की त्यांचा मंद रंग खुलतो. तमिळनाडूत कोडुमणलच्या उत्खननात बेरिलच्या कामाचे पुरावेही सापडले आहेत. तेव्हा षट्कोन हे आजकालच्या मुलींचं खूळ नाही, दोन हजार वर्षांची आपली परंपरा आहे, असं मी जरा आवाज चढवूनच म्हणालो.

"म्हणजे जुनीच फॅशन," आत्या म्हणाली. "मग घडणावळ नव्या फॅशनची का लावतात?"

आत्याचा मूळ आक्षेप वेगळा होता. निळा खडा म्हणजे नीलम, नीलम म्हणजे शनी, आणि तो पत्रिका न दाखवता घालत नाहीत. सराफांनी तिला शांतपणे सांगितलं की हा नीलम नव्हे, नवरत्नांतही नाही. हा पाचूचा सख्खा भाऊ, दोघेही बेरिलच. पाचू म्हणजे बुध! आत्याचा चेहरा उजळला. प्रकरण मिटतच होतं, पण तेवढ्यात हो.बा.ला विज्ञान सुचलं. ती म्हणाली, "हो ना, फरक फक्त रंगाचा. पाचू क्रोमियममुळे हिरवा असतो आणि हा लोखंडामुळे निळा."

"लोखंड?" आत्या खुर्चीतून उठली. "लोखंड शनीचं!"

दुकानात शांतता पसरली. पोऱ्यासुद्धा चहाचे कप गोळा करायचा थांबला. हो.बा. 'अंशमात्र, अगदी अंशमात्र लोखंड' असं काहीतरी पुटपुटत होती, पण शनी अंशमात्र असला तरी साडेसात वर्षं राहतो, हे आत्यापुढे कोण बोलणार! सराफ तेवढे विचलित झाले नाहीत. त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि म्हणाले, "ताई, बुध शनीचा मित्र. मित्राच्या घरी चहाला आलाय असं समजा." आत्या बसली. धंद्यात चाळीस वर्षं काढल्याशिवाय असं वाक्य सुचत नाही.

मग त्यांनी एक जुना पेपर पसरला आणि त्यावर खडे ठेवत गेले. रुंद दिसावा म्हणून खडा खालून उथळ कापला असेल तर उजेड परत येत नाही, आरपार जातो आणि खालची अक्षरं वाचता येतात. पहिल्या खड्यातून बाबांनी एका टू बीएचकेची अख्खी छोटी जाहिरात वाचली, किमतीसकट. तो बाद. शेवटी एका खड्यातून काहीच वाचता येईना. त्याचे पैलू पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेले होते. हो.बा.नं त्यात बघितलं आणि तिचा आवाजच बदलला. "अरे, ही बारव आहे!" साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटांची विहीर आहे, अष्टकोनी, तिच्या काठावर उभं राहून खाली पाण्याकडे बघितल्यावर जसं दिसतं तसं यात दिसतंय, असं ती म्हणाली. मी पाहिलं. खरंच दिसत होतं. निदान तेव्हा तरी मला ते दिसणं भाग होतं.

खडा ठरला. वजन सव्वा कॅरेट, म्हणजे पाव ग्रॅम. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात 'डॉम पेद्रो' नावाचा ब्राझीलचा अ‍ॅक्वामरीन आहे, 10,363 कॅरेटचा, दोन किलोंच्या वर. बेर्न्ड मुन्स्टाइनर या जर्मन कारागिरानं तो उंच सुळक्याच्या आकारात कापला. त्याच्या घरच्यांनी एवढे प्रश्न विचारले असते तर तो अजून खडबडीतच असता.

सोनं 18 कॅरेटचं घ्यावं लागेल, 22 मऊ पडतं, खडा घट्ट धरत नाही, हे कळल्यावर आईनं कपाळाला हात लावला. 18 म्हणजे शंभरातलं 75 टक्केच सोनं. "75 म्हणजे डिस्टिंक्शन," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून, "याला कधी मिळालं नाही." आत्यानं बोटांवर हिशेब केला: अंगठी 18 कॅरेटची, खडा सव्वा कॅरेटचा, मिळून सव्वाएकोणीस, अजून पावणेतीन कमीच. सोन्याचा कॅरेट शुद्धतेचा आणि खड्याचा वजनाचा, हे तिला सांगायचं कुणाच्यात त्राण नव्हतं.

कोपऱ्यांवरून थोडं झालं. षट्कोनाचे कोपरे आपटले तर टवका उडतो, म्हणून प्रत्येक कोपऱ्याला सोन्याचं टोपण हवं. आईनं विचारलं, "कणीक मळताना त्यात पीठ अडकेल त्याचं काय?" हो.बा. म्हणाली, "नाही काकू, अंगठी मी घालणार आहे." या वाक्यातून कणीक कोण मळणार हे आपोआप ठरलं. ते फक्त मलाच कळलं असावं, कारण बाकी कुणी हसलं नाही.

शेवटचा प्रश्न आईचा होता. "मोडायला आणलं तर?"

"सोन्याचे भावानं देऊ," सराफ म्हणाले. "खडा काढून तुमचा तुम्हाला परत."

"म्हणजे खड्याचे काही नाहीत."

"वहिनी, एक सांगतो. हा हिऱ्यापेक्षा हलका. त्यामुळे सव्वा कॅरेटचा हिरा घेतलात तर तो याच्यापेक्षा लहान दिसेल."

एवढ्या चर्चेतलं हे एकच वाक्य आईनं लक्षात ठेवलं. का, ते साखरपुड्याच्या दिवशी कळलं.

हॉलमध्ये पिवळे दिवे होते. स्टेजवरच्या झोतात अंगठीतला तो फिकट निळा पार उडाला आणि उरले फक्त लखलखणारे सहा कोन. नागपूरच्या मावशींनी हो.बा.चा हात हातात घेतला आणि त्यांचे डोळे विस्फारले. "अगं बाई! केवढा हिरा!"

"मुलांची आवड," आई म्हणाली.

"किती कॅरेट गं?"

"सव्वा."

मावशींच्या मागे नाशिकच्या काकू, त्यांच्या मागे त्यांच्या सुना. हो.बा.नं प्रामाणिकपणे "नाही हो, हा अ‍ॅक्वा..." एवढं म्हणायला तोंड उघडलं, आणि आईनं त्यात अख्खा पेढा भरला.