‘घरातलं कोणीतरी वाचून दाखवतंच की’ या कमेंटला माझं उत्तर

सर, काल रात्री तुमची कमेंट वाचली, झोप लागली नाही म्हणून सकाळी सकाळी लिहितेय. सोसायट्यांनी नोटिसा स्कॅन करून न पाठवता युनिकोडमध्ये, म्हणजे मशीनला ओळखता येतील अशा अक्षरांत, टाइप करून पाठवाव्यात, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना त्या कॉम्प्युटरवर ऐकता येतील, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की हे मूठभर लोकांचे फाजील लाड आहेत, जुनं रेकॉर्ड कोण टाइप करणार, सोसायटीला कुठला कायदा लागतो, आणि ‘आंधळ्या माणसाला घरातलं कोणीतरी वाचून दाखवतंच की’. माझ्याच पोस्टमधल्या फोटोला वर्णन नव्हतं हे मात्र तुमचं बरोबर. चूक माझी, आता ऑल्ट टेक्स्ट टाकलंय.

पण ‘वाचून दाखवतंच की’? हा सूर माझ्या ओळखीचा आहे. माझ्या बाबांची नजर काचबिंदूने गेली. नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटचे कागद आले ते व्हॉट्सॲपवर, मोबाइलने फोटो काढून जोडलेली 14 पानांची पीडीएफ. बाबा लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतात, ते फुकट मिळतं आणि मराठीही वाचतं, पण फोटोत अक्षरंच नसतात तर ते वाचणार काय, डॉक्युमेंट रिकामं आहे म्हणालं. मी कामावर. मग शेजारच्या काकांनी वाचून दाखवलं, अगदी प्रेमाने, पण घाईत, आणि ‘हे नेहमीचंच असतं हो’ म्हणून दोन पानं सोडली. भाडं 24 महिन्यांपुरतंच मिळणार हे त्याच दोन पानांत होतं. बाबांनी सही केली. काकांना मी दोष देत नाही, पण सही बाबांची होती आणि वाचणारा दुसराच, हे तुम्हाला चालतं का? तुमच्या घराच्या कागदावर चालेल?

नंतर कमिटीकडे टाइप केलेली फाइल मागितली तर कृतिदेवमधली आली. त्यात ‘ठाणे’ शब्दाचं मशीनला दिसतं ‘बी के डॉट के एस’, कारण या जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांवर देवनागरीचे आकार चढवलेले असतात, तुम्हा-आम्हाला ठाणे दिसतं आणि स्क्रीन रीडरला कचरा. मी 22 वर्षं डीटीपी करतेय, मला टायपिंगच्या खर्चाचं गणित शिकवू नका. युनिकोडमध्ये टाइप करायला वेळ तेवढाच लागतो. हेडिंग नुसतं बोल्ड न करता त्याला हेडिंगची स्टाइल द्यायची, आणि वर्डमधून प्रिंट टू पीडीएफ न करता सेव्ह ॲज पीडीएफ करायचं म्हणजे टॅग, म्हणजे हेडिंग कुठलं हे स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या खुणा, टिकतात, बास.

जुन्या रेकॉर्डचं नंतर बघू, ते मी मागितलंच नव्हतं. कायद्यावर वाद घालायची माझी इच्छा नाही, एवढंच सांगते की 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानलाय. लाड म्हणजे काय ते तुम्ही ठरवू नका.

आणि हो, तुमची कमेंट युनिकोडमध्ये होती, त्यामुळे बाबांनी ती माझ्याआधीच ऐकली होती. एकट्याने, दोनदा.